फ्रीज रात्री बंद, सकाळी बॅटरी अर्धी भरलेली: गाडीतल्या दुसऱ्या बॅटरीचं एक प्रकरण

गाडी बीएस-६ डिझेल एसयूव्ही, पुण्यातली. मालक आणि त्यांची पत्नी वर्षातून दोनदा लांब जातात: हिवाळा संपताना कच्छ किंवा जैसलमेर, पावसाळा ओसरला की स्पिती. मुक्काम हॉटेलात नाही, तंबूत. एकाच जागी दोन रात्री आणि मधला पूर्ण दिवस, गाडी हलत नाही. मागे ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज. त्यात दूध, भाजी आणि पत्नीचं इन्सुलिन. इन्सुलिन असल्यामुळेच हे प्रकरण 'बिअर गरम झाली' इतक्यावर मिटलं नाही.

फ्रीजसाठी एका ॲक्सेसरीच्या दुकानातून दुसरी बॅटरी बसवून घेतली होती. १०० एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद एजीएम, म्हणजे ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषलेली लेड-ॲसिड बॅटरी, डिकीत, बोनेटखाली व्होल्टेज बघून जोडणारा-तोडणारा रिले, दोघांमध्ये १० स्क्वेअर एमएम छेदाची केबल. पुढच्या बॅटरीपाशी ६० अँपिअरचा फ्यूज. डिकीत कंपनीनेच दिलेलं बारा व्होल्टचं सॉकेट होतं, त्याची वायर या नव्या बॅटरीवर वळवलेली. सात-आठ महिने कुणाची तक्रार नव्हती, कारण तोवरच्या सहली एका रात्रीच्या होत्या.

कच्छमधल्या धोळावीराजवळच्या मुक्कामात पहिल्याच रात्री पावणेतीनच्या सुमारास फ्रीज बंद पडला. सकाळी आतलं तापमान १७ अंश. मल्टिमीटर लावला तर बॅटरी १२.३ व्होल्ट, म्हणजे अर्ध्याहून जास्त भरलेली. गाडी सुरू केली की फ्रीज सुरू. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच, फक्त दीड तास आधी. निष्कर्ष निघाला की फ्रीज खराब आहे. तो दुरुस्तीला गेला आणि 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी घेऊन परत आला. बॅटरी बसवणाऱ्याने गाडी सुरू करून मीटर लावला आणि म्हणाला, "साहेब, तेरा पॉइंट सहा दाखवतंय. चार्जिंग एकदम ओके."

दोघंही खोटं बोलत नव्हते. प्रत्येकाने आपापल्या टोकाला मोजलं होतं. दोष मधल्या तांब्यात होता, आणि तोही थोडा थोडा, चार-पाच ठिकाणी विखुरलेला.

रात्री पावणेतीनला नेमकं काय होत होतं

अशा फ्रीजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी तीन पातळ्या असतात: एच, एम, एल. या फ्रीजच्या पुस्तिकेप्रमाणे 'एच'वर व्होल्टेज ११.१ च्या खाली गेलं की कॉम्प्रेसर बंद होतो, आणि १२.४ च्या वर गेल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. दुसरं वाक्य कुणी वाचत नाही.

फ्रीज हे व्होल्टेज बॅटरीवर मोजत नाही, स्वतःच्या पिनांवर मोजतो. सॉकेटची वायर १.५ स्क्वेअर एमएम, बॅटरी डाव्या बाजूला आणि सॉकेट उजव्या, वायर छतापर्यंतच्या ट्रिममधून वळसा घेऊन आलेली, म्हणून एकेरी साडेचार मीटर. जाऊन-येऊन नऊ. तांब्याचा रोध मीटरमागे, एक स्क्वेअर एमएमला ०.०१७५ ओहम धरा. नऊ मीटरला दीडने भागून गुणलं की ०.१०५ ओहम. कॉम्प्रेसर उठताना ८ अँपिअर ओढतो, म्हणजे वायरीतच ०.८४ व्होल्ट गेले. सिगारेट लायटरच्या पद्धतीचा प्लग स्प्रिंगवर टेकलेला असतो, त्याने आणखी ०.२ खाल्ले. बॅटरी लोडखाली १२.१ असताना फ्रीजला ११.०६ मिळत होते.

कॉम्प्रेसर थांबला. भार गेला, वायरीतला खड्डा (वाटेत गळणारं व्होल्टेज) नाहीसा झाला, बॅटरी सावरून १२.३ वर येऊन बसली. फ्रीजला हवेत १२.४. भाराशिवाय पडून राहिलेली, अर्धवट उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी तिथवर आपण होऊन चढत नाही. त्यामुळे तो सकाळपर्यंत गप्प, आणि सकाळी मीटर लावणाऱ्याला बॅटरी 'चांगली'. गाडी सुरू केली की १३ च्या वर, फ्रीज लगेच चालू. एका रात्रीचं सगळं कोडं ११.१ आणि १२.४ या दोन आकड्यांच्या मधल्या १.३ व्होल्टमध्ये होतं.

यावर दुकानदाराने सुचवलेला उपाय होता पातळी 'एल'वर टाकण्याचा. फ्रीज चालला असता, पण लेड-ॲसिड बॅटरी दहा-अकरा व्होल्टपर्यंत पिळून निघाली असती. असं वीस-तीसदा केलं की ती बॅटरी भंगारातच जाते.

पण बॅटरी मुळात भरतच नव्हती

पुण्याहून धोळावीरा दोन दिवसांचं ड्रायव्हिंग. इतक्या वेळात १०० एएचची बॅटरी काठोकाठ भरायला हवी. ती पोचताना १२.४ होती.

बीएस-६ गाड्यांमध्ये बरेचदा असतो तसा या गाडीतही 'स्मार्ट' अल्टरनेटर आहे. मेकॅनिक अजून त्याला डायनॅमोच म्हणतात, पण जुन्या डायनॅमोसारखा तो सतत १४.२ देत नाही. पुढची बॅटरी भरली की इंजिनवरचा भार आणि डिझेल वाचवण्यासाठी ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) त्याचं व्होल्टेज खाली आणतो. आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, गाडी उतारावर आली, की फुकटची शक्ती गोळा करायला तो पुन्हा वर जातो. या गाडीवर मीटर लावून ४० मिनिटं हायवेवर चालवली: सुरुवातीची दहा मिनिटं १४.३, मग एकसारख्या वेगात १२.७ ते १२.९, पाय काढला की १४.८. रिले १३.३ ला जुळणारा आणि १२.८ ला सुटणारा. चाळीसपैकी जेमतेम १४ मिनिटं तो जुळलेला होता. दुकानात गाडी उभी करून सुरू केली तेव्हा नेमकी ती पहिली दहा मिनिटं मोजली गेली.

जुळलेला असतानाही पूर्ण माप मिळत नव्हतं. पुढे १४.३, मागे १३.६, करंट १८ अँपिअर. सात दशांश कुठे गेले हे शोधायला मल्टिमीटरचा एक टोक पुढच्या पॉझिटिव्हवर, दुसरा मागच्या पॉझिटिव्हवर ठेवायचा (त्यासाठी तीनेक मीटरची बारीक वायर जवळ ठेवावी). करंट वाहत असताना जो आकडा दिसतो तो त्या मार्गाचा खड्डा. मग तसंच निगेटिव्हला. करंट मोजायला क्लॅम्प मीटर लागतो, पण दुकानात मागितला की हातात येणारा साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो. डीसी मोजणारा वेगळा मागून घ्यावा लागतो.

पॉझिटिव्हला ०.३३ निघाले. १० स्क्वेअर एमएमच्या साडेपाच मीटर तांब्यात १८ अँपिअरला ०.१७ यायला हवे होते. केबलची एक तार ब्लेडने खरवडली तर आत चंदेरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. कार ऑडिओच्या केबलींमध्ये हा माल सर्रास मिळतो, जाडी तीच दिसते, वजन मात्र हातात घेतल्यावर कळतं. रोध दीडपट, आणि स्क्रूखाली दाबली की महिन्याभरात ढिली.

निगेटिव्हला ०.३५. बॅटरीचा निगेटिव्ह मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली दिला होता, रंग न खरवडता. इथे व्होल्टेजपेक्षा गंभीर गोष्ट दुसरी आहे: सीटबेल्टचा बोल्ट ठरावीक टॉर्कला घट्ट केलेला असतो, त्याच्याखाली लग (केबलच्या टोकाची धातूची रिंग) घालायचा नाही. कधीच नाही.

आणि चौथी गोष्ट, जी बघून काम तिथल्या तिथे थांबवलं. पुढच्या दाराच्या उंबरठ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचलली तर पट्टीचा एक स्क्रू केबलच्या इन्सुलेशनला घासत होता, तांबूस तारा दिसत होत्या. पुढे फ्यूज होता, मग काळजी कसली? रिलेच्या मांडणीत केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी असते. तो स्क्रू बॉडीला टेकला असता तर पुढचा फ्यूज उडाला असता आणि मागच्या १०० एएचच्या बॅटरीने कार्पेटखालची केबल लाल होईपर्यंत तापवली असती. मागे फ्यूज नव्हता. ज्या केबलला दोन्हीकडून वीज येते तिला दोन्हीकडे फ्यूज लागतो, हे तत्त्व कुठल्याही गाडीत बदलत नाही.

जुनी एजीएम काढून ५ अँपिअरच्या स्थिर भारावर उतरवून पाहिली. २० तास चालायला हवी होती, ८ तास १० मिनिटांत संपली. म्हणजे ४१ एएच. महिनोन्महिने अर्धवट भरलेली राहिल्याने प्लेटांवर सल्फेट जमलं होतं. ती वाचवण्यात अर्थ नव्हता.

किती लागतं

नव्याने करायचं तर आधी हिशेब. फ्रीज ५ अंशावर, बाहेर ३३ ते ३६, झाकण दिवसातून दहा-बारा वेळा उघडलं तर ३० एएच. एलईडी दिवे १० वॅट, चार तास: सव्वातीन. दोन फोन, कॅमेरा आणि थोडा वेळ लॅपटॉप: चौदा. पाण्याचा छोटा पंप: एकही नाही धड. बेरीज ४८ च्या आसपास. दोन रात्री आणि मधला दिवस म्हणजे साधारण ३६ तास, त्याला ७२. वर थोडी सवड धरून ८५ ते ९० एएच हाताशी हवेत.

लेड-ॲसिड निम्म्यापर्यंतच उतरवायची असते, म्हणून १८० एएच घ्यावी लागली असती, पन्नास किलोच्या वर. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर गाडीत टाकायचा विचार हमखास कुणाच्या तरी डोक्यात येतो. ती सरळ उभी, स्थिर राहण्यासाठी बनवलेली, ॲसिड हिंदकळतं, चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि आपण मागे झोपणार. नको.

१०० एएचची एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. साडेअकरा किलो, ९० एएच बिनघोर वापरता येतात. घेताना दोन गोष्टी विचारून घेतल्या: आतल्या बीएमएसची (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटची) सतत क्षमता १०० अँपिअर आहे ना, आणि शून्य अंशाखाली चार्जिंग तोडणारा सेन्सर आहे ना. दुसरा प्रश्न विचारल्यावर दोन विक्रेत्यांनी 'असतोच हो' म्हटलं आणि माहितीपत्रकात तो नव्हता.

रिले ठेवून फक्त बॅटरी लिथियमची केली तर काय? तो पर्याय बरेच जण घेतात, स्वस्त पडतो. या गाडीत रिले मुळात जुळतच नव्हता. शिवाय एलएफपीचा अंतर्गत रोध इतका कमी की जुळला की अल्टरनेटर देईल तेवढं ओढते. ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलला, अल्टरनेटरचा पंखा मंद, आणि वर पूर्ण भार. अल्टरनेटर जळण्याची ही खात्रीची कृती आहे. म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर, ३० अँपिअरचा. तो ९ पासून १६ व्होल्टपर्यंत काहीही घेतो आणि पलीकडे लिथियमला हवे तेच देतो.

चार्जरवर ३० लिहिलेलं असतं ते बाहेर पडणाऱ्या करंटचं. बाहेर १४.१ व्होल्टला ३० म्हणजे ४२० वॅटच्या वर. कार्यक्षमता ८८ टक्के धरली आणि आत १२.२ व्होल्टच येत असतील तर पुढून ३९-४० अँपिअर ओढले जातात. केबल त्या चाळिसासाठी निवडायची. दोन्ही मार्ग मिळून ११ मीटर: ६ स्क्वेअर एमएममध्ये १.२८ व्होल्ट जातात, १० मध्ये ०.७७, १६ मध्ये ०.४८, २५ मध्ये ०.३१. आणि चार्जर हट्टी असतो, व्होल्टेज कमी आलं की तेवढी शक्ती भरून काढायला करंट आणखी वाढवतो, त्यामुळे बारीक केबल दुप्पट मार खाते. २५ ची केबल फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातल्या ग्रोमेटमधून वळेना आणि तिचा लग चार्जरच्या टर्मिनलवर बसेना. १६ ठरली.

काय काय लागलं आणि कुठे गेलं

शुद्ध तांब्याची बहुतारी १६ स्क्वेअर एमएम केबल, लाल आणि काळी प्रत्येकी साडेपाच मीटर, आणि डिकीतल्या जोडांसाठी वर एकेक मीटर. पुढच्या बॅटरीपासून पंधरा सेंटीमीटरच्या आत ६० अँपिअरचा मिडी फ्यूज, झाकणाच्या होल्डरमध्ये. एलएफपीच्या पॉझिटिव्हवर थेट टर्मिनलवर बसणारा एमआरबीएफ फ्यूज, ७५ अँपिअर. काचेचे किंवा साधे ब्लेडचे फ्यूज इथे चालत नाहीत, कारण लिथियमचा शॉर्ट सर्किटचा करंट प्रचंड असतो आणि साधा फ्यूज वितळल्यावरही आत ठिणगी जळत राहू शकते. एमआरबीएफ १४ व्होल्टला १०,००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो. चार्जरच्या आउटपुटला ४० चा फ्यूज, सहा खणांचा ब्लेड फ्यूजबॉक्स, हाताने फिरवायचा मेन स्विच, ५०० अँपिअरचा शंट आणि त्याचा छोटा डिस्प्ले.

शंट ही चैन नाही. एलएफपीचं व्होल्टेज ८० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर येईपर्यंत जवळजवळ हलत नाही, १३.२-१३.१ च्या घरात रेंगाळतं. मीटर लावून बॅटरी किती उरली हे सांगणारा माणूस इथे फसतो. शंट आत आलेले आणि बाहेर गेलेले अँपिअर-तास मोजतो. मात्र बॅटरीच्या निगेटिव्हवर शंटच्या एका बाजूचीच वायर असली पाहिजे, बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. एक जरी निगेटिव्ह चुकून बॅटरीवर दिला तर हिशेब कायमचा चुकतो.

काम सुरू करताना पुढच्या बॅटरीचा निगेटिव्ह काढला, नवा निगेटिव्ह मात्र त्या टर्मिनलवर जोडला नाही. टर्मिनलवर चौकोनी ठोकळ्यासारखा सेन्सर असतो, त्याच्यातून ईसीयू बॅटरीचा हिशेब ठेवतो. आपली वायर थेट पोस्टवर टाकली तर आपण ओढलेला करंट त्याला दिसत नाही. म्हणून शेजारच्या बॉडी अर्थच्या बोल्टवर, रंग खरवडून, वर थोडं पेट्रोलियम जेली लावून.

केबल फायरवॉलच्या रबरी ग्रोमेटमधून आत आणली, क्लच पेडलच्या हालचालीपासून लांब, डाव्या उंबरठ्याखालून मागे. संपूर्ण लांबी २० मिलिमीटरच्या कन्ड्यूटमध्ये (संरक्षक नळीत), दर ३० सेंटीमीटरला केबल टाय, आणि पट्टीचे सगळे स्क्रू कुठे येतात ते आधी खडूने खुणावून. वाटेत पिवळ्या कव्हरातल्या वायरी दिसतात, त्या एअरबॅगच्या. त्यांना बांधायचं नाही, ओढायचं नाही. कंपनीच्या हार्नेसला कुठेही ब्लेड लावलं नाही.

लग दाबायला षट्कोनी डायचं क्रिम्पिंग टूल भाड्याने आणलं. पक्कडीने चेपून वर सोल्डर ओतण्याची जी पद्धत आहे ती खडखडणाऱ्या रस्त्यावर टिकत नाही: सोल्डर जिथे संपतं तिथे तारा कडक होतात आणि नेमक्या तिथेच तुटतात. दाबून झालं की लग पायाखाली धरून केबल जोरात ओढायची. एक लग हातात आला, तो १६ ऐवजी २५ चा होता.

चार्जरला इंजिन सुरू असल्याचा इशारा लागतो. फ्यूजबॉक्समधल्या वायपरच्या फ्यूजमध्ये जोडफ्यूज (एका खणातून दोन फ्यूज देणारा ॲडॅप्टर) घालून ३ अँपिअरची बारीक वायर काढली. एअरबॅग, एबीएस, ईसीयू यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. इशाऱ्याची वायर न देता केवळ व्होल्टेज बघून चार्जर चालू-बंद करायची सोय असते, पण स्मार्ट अल्टरनेटर १२.७ वर आला की चार्जरला गाडी बंद वाटते. मग पुन्हा जुनं दुखणं.

बॅटरी डिकीच्या डाव्या कोपऱ्यात, बोनेटखाली नाही, तिथली उष्णता लिथियमला सोसत नाही. पट्ट्याने ट्रिमच्या हुकांना बांधलेली बॅटरी समोरासमोर धडकेत सुटते, आणि साडेअकरा किलोचा ठोकळा मागून डोक्याकडे येतो. लोखंडी अँगलची चौकट, पत्र्याच्या आरपार ८ मिलिमीटरचे चार बोल्ट, खाली रुंद वॉशर पट्ट्या. भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून डिझेल टाकी आणि ब्रेक लाइन कुठे आहे ते बघितलं. हे वाक्य कुणाला हास्यास्पद वाटेल, पण टाकीला भोक पाडणारे लोक असतात.

फ्रीजला स्वतंत्र वायर: ४ स्क्वेअर एमएम, दोन मीटर, १५ अँपिअरचा फ्यूज, टोकाला सिगारेट प्लगऐवजी ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर. उठताना आता वायरीत ०.१४ व्होल्ट जातात. पातळी 'एच'वरच ठेवली. जुन्या मांडणीत ती त्रास देत होती, नव्या मांडणीत तीच बरोबर, कारण ११.१ ला एलएफपी जवळपास रिकामी असते आणि बीएमएसने १० च्या आसपास सगळंच तोडण्याआधी फ्रीज थांबलेला बरा. बीएमएसने तोडलं की टर्मिनलवर शून्य दिसतं, आणि काही चार्जर शून्य बघून चार्ज करायला नकार देतात.

इन्व्हर्टर मागितला होता, इलेक्ट्रिक किटलीसाठी. १५०० वॅटची किटली म्हणजे बॅटरीतून १३५-१४० अँपिअर. १०० चा बीएमएस पहिल्या मिनिटाला तोडेल. चहा गॅसवरच. लॅपटॉपला ६५ वॅटचा यूएसबी-सी पुरला. सोलर पॅनल या टप्प्यात घेतलं नाही, दोन रात्रींनंतर ही गाडी हलतेच.

नंतरचे आकडे

चार्जर लिथियमच्या सेटिंगवर, वरची मर्यादा १४.२, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचं व्होल्टेज) १३.५. हायवेवर पुढे १२.७ असताना चार्जरच्या तोंडाशी १२.२, बाहेर १४.१ व्होल्ट, २९.६ अँपिअर. पण अर्ध्या तासाने करंट १९ वर उतरला. चार्जर बॅटरीशेजारी कार्पेटच्या पेटीत आडवा पडला होता, हात लावला तर टेकवेना. तापला की तो स्वतःच करंट कमी करतो. उभा केला, पंखे वर, सगळीकडून पाच सेंटीमीटर मोकळं, पेटीला वरखाली जाळी. त्यानंतर दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये ५६ एएच परत आले.

मार्चअखेर पुण्यात गाडी सावलीत उभी करून ३६ तासांची चाचणी घेतली, फ्रीज, दिवे, फोन सगळं चालू. शंटने ६८ एएच दाखवले. फ्रीजच्या पिनांवर सर्वात खाली गेलेलं व्होल्टेज १२.७.

सप्टेंबरअखेर गाडी स्पितीत होती. चंद्रतालच्या तळावर, ४,२०० मीटरच्या आसपास, रात्री बाहेर उणे पाच. सकाळी इंजिन सुरू केलं आणि चार्जरवर करंट शून्य. सगळे फ्यूज शाबूत, इशारा येतोय, व्होल्टेज बरोबर. मालकांनी फोन लागणाऱ्या जागी येऊन विचारलं, तेव्हा बॅटरीचं तापमान उणे एक होतं. बीएमएसने चार्जिंग अडवलं होतं, आणि ते त्याचं कामच आहे: शून्याखाली चार्ज केलं तर लिथियम धातूच्या रूपात ॲनोडवर जमतं, क्षमता कायमची जाते आणि आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. वीज देणं मात्र उणे वीसपर्यंत चालू असतं, म्हणून दिवे रात्रभर व्यवस्थित होते. हीटर लावून काझाच्या दिशेने निघाल्यावर पन्नास मिनिटांनी करंट आपोआप २९ वर गेला. पुढच्या रात्रींसाठी पेटीला १२ मिलिमीटरच्या फोमचं अस्तर लावलं, रात्री जाळ्या झाकायच्या, सकाळी निघण्याआधी आठवणीने उघडायच्या.

त्या थंडीत एक गोष्ट वायरिंगच्या हातातली नव्हती. कॉम्प्रेसर फ्रीज थंड करतो, ऊब देत नाही. बाहेर उणे पाच असताना पाच अंशावर लावलेला फ्रीज नुसता बंद राहतो आणि आतला माल हळूहळू गोठणबिंदूकडे सरकतो. इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही टाकूनच द्यावं लागतं. चंद्रतालला ते रात्री डब्यात गुंडाळून झोपण्याच्या पिशवीच्या पायथ्याशी ठेवलं होतं.

परतल्यावर सगळे लग तपासले. पुढच्या बॉडी अर्थचा नट पाव फेरा ढिला होता आणि भाराखाली कोमट लागत होता. त्याखाली स्प्रिंग वॉशर घातला, नटावर आणि बोल्टवर रंगाची एक आडवी रेघ ओढली. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना काढावा लागत नाही.